डूममधलं पुनरागमन: गायकाआधी ड्रमर पाहा

खिशात एकाच अल्बमचे पैसे आहेत आणि मन चार नावांत अडकलंय, अशा माणसासाठी डूम मेटलच्या, म्हणजे संथ आणि जड मेटलच्या, पुनरागमनाच्या अल्बमांचा हा आढावा. ब्लॅक सॅबथचा '१३' (२०१३), सेंट व्हायटसचा 'लिली: एफ-६५' (२०१२), कँडलमासचा 'द डोअर टू डूम' (२०१९) आणि स्लीपचा 'द सायन्सेस' (२०१८). चारही बँड जुनी खोडं. कुणी पंधरा-वीस वर्षांनी नवा अल्बम काढला, कुणी जुना माणूस परत आणला.

अशा अल्बमबद्दल सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'आवाज तसाच आहे का?' आवाज तसा नसतोच. साठीतला गळा विशीतल्यासारखा लागत नाही, आणि डूममध्ये ते बिघडवतही नाही. थोडा फाटका, थकलेला आवाज या संगीताला शोभतो. पुनरागमन जमतं की फसतं ते ड्रमरवर.

कारण साधं गणित आहे. मिनिटाला २०० ठोक्यांच्या वेगवान मेटलमध्ये दोन ठोक्यांत ०.३ सेकंद असतात. डूमची लय ६० च्या आसपास उतरली की मध्ये पुरा एक सेकंद पडतो. त्या सेकंदात गिटारची तार नुसती घोंगावत असते आणि ड्रमरनं पुढचा ठोका किंचित उशिरा दिला, की बरोबर काट्यावर दिला, हे कुणाच्याही कानाला कळतं. नागपूरच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात बसून विलंबित एकताल ऐकलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन मात्रांमधली जागा तबलजी कशी भरतो, यावरच बडा ख्याल उभा राहतो किंवा पेंगतो. गंमत म्हणजे या चारपैकी तीन अल्बमांत नेमका ड्रमरच बदललेला आहे.

सॅबथपासून सुरू करू, कारण बहुतेकांचा हात तिकडेच जातो. गायक ऑझी ऑस्बॉर्नसोबतचा बँडचा आधीचा स्टुडिओ अल्बम १९७८ चा, म्हणजे मध्ये ३५ वर्षं. गिटारवादक टोनी आयोमीला २०१२ च्या सुरुवातीला लिम्फोमाचं निदान झालं आणि उपचार चालू असतानाच काम पुढे गेलं. निर्माता रिक रुबिननं बँडला बसवून त्यांचाच १९७० चा पहिला अल्बम ऐकवला आणि त्याच वाटेनं चला म्हणून सांगितलं. आयोमी आणि गीझर बटलर त्या वाटेनं गेलेही. रिफ (गिटारवर फिरून फिरून येणारे तुकडे) अस्सल आहेत, आणि बटलरचा बास तर या अल्बममधली सगळ्यात चांगली गोष्ट. तो गिटारच्या मागे चालत नाही, तिच्याशी बोलत चालतो.

पण मूळ ड्रमर बिल वॉर्ड नाही. कराराच्या अटींवरून तो बाहेर राहिला आणि त्याच्या जागी रेज अगेन्स्ट द मशीनचा ब्रॅड विल्क बसला. विल्क कच्चा वादक नाही. ठोका भक्कम, वेळ चोख. अडचण त्या चोखपणातच आहे. वॉर्ड जॅझ ऐकून वाढलेला. तो ठोका किंचित मागे खेचायचा, रिफ संपला की टॉमवर (ड्रमसेटमधल्या छोट्या ढोलांवर) त्याला उत्तर द्यायचा, आणि त्यामुळे सॅबथचं जड संगीत झुलायचं. '१३' मध्ये ते चालतं, झुलत नाही. पोहे नीट भिजलेत, चणेही आहेत, पण तर्री कुणी ओतलीच नाही असं वाटत राहतं. 'डॅमेज्ड सोल' मात्र वेगळं. जवळपास आठ मिनिटांचा हा संथ ब्लूज, ऑझीचा माउथ ऑर्गन, आणि विल्कही इथे हात सैल सोडतो. हे एक गाणं आधी ऐका. ते पटलं नाही तर बाकीच्या अल्बमवर पैसे घालू नका.

दुसरी गोची आवाजाच्या पातळीची. '१३' ची सीडी आणि डिजिटल आवृत्ती फार दाबून मास्टर केली आहे: हळू आणि जोरकस भागांतलं अंतर पिळून काढलेलं, सगळं सारखंच मोठं. इतर रॉकमध्ये हे खपून जातं. डूममध्ये रिफ थांबल्यावरची शांतता हाच अर्धा परिणाम असतो, आणि इथे ती शांततासुद्धा भरलेली वाटते. स्ट्रीमिंग ॲप सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणतं (स्पॉटिफायवर साधारण उणे १४ एलयूएफएस, हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप), त्यामुळे हा अल्बम तिथे कानावर आदळत नाही. सपाट मात्र राहतोच.

तरी न्याय करायचा तर शेवट सांगायलाच हवा. 'डिअर फादर' संपताना पाऊस, गडगडाट आणि घंटा येते, आणि बँडचा पहिला अल्बम नेमका त्याच आवाजांनी सुरू होतो. ४३ वर्षांचं वर्तुळ तिथे पुरं होतं. म्हणून ॲपमधलं ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर घंटा विरायच्या आत भलतंच गाणं सुरू होईल. बोनसवाली आवृत्ती घ्यायची गरज नाही. मूळ आठ गाणी, सुमारे ५३ मिनिटं, पुरेशी आहेत.

सेंट व्हायटसचा मामला अगदी उलटा. अल्बमला नाव झोपेच्या गोळीवरून, लांबी जेमतेम ३३-३४ मिनिटं, आणि चकाकी नावाला नाही. बँडचा आधीचा अल्बम १९९५ चा, आणि गायक वाइनोचा या बँडसोबतचा त्याआधीचा तर १९९० च्या सुमाराचा. मूळ ड्रमर आर्मांडो अकोस्टा २०१० मध्ये गेला. हेन्री वास्केझ त्याआधीच त्याच्या जागी आला होता. अकोस्टा ओबडधोबड वाजवायचा. वास्केझचा हात जड आणि स्थिर आहे, पण त्यानं बँडला घासूनपुसून चकचकीत केलं नाही, हे त्याचं श्रेय. डेव्ह चँडलरची गिटार पूर्वीसारखीच चिखलातून ओढल्यासारखी वाजते आणि ड्रम तिला घाई करत नाहीत. बदललेल्या ड्रमरसोबतच्या तीन अल्बमांत सांधा सगळ्यात कमी दिसतो तो इथे.

यात अडखळायला होतं ते दोन ठिकाणी. 'व्हर्टिगो' हा छोटा, साध्या गिटारवरचा तुकडा, आणि शेवटचं 'विदड्रॉवल' म्हणजे गिटारच्या फीडबॅकची नुसती किंकाळी. नव्या माणसाला वाटतं फाइल बिघडली. बिघडलेली नाही. 'डिपेंडन्स'नंतर 'विदड्रॉवल', म्हणजे व्यसन आणि मग ते सुटतानाची तडफड, अशी ती जोडी आहे, ओळीनंच ऐकायची. शफल लावून हा अल्बम ऐकणाऱ्यानं तो ऐकलाच नाही असं समजावं.

कँडलमासची गोष्ट निराळी, कारण इथे ड्रमर जुनाच आहे. स्टॉकहोमच्या या बँडमध्ये यान लिंड १९८७ पासूनचा, आणि परत आला तो गायक. योहान लेंगक्विस्टनं १९८६ चा त्यांचा पहिला अल्बम गायला तो भाडोत्री गायक म्हणून. तेव्हा बँडमध्ये तो आलाच नाही. ३३ वर्षांनी त्याच माणसाला माइकसमोर उभं केलं, आणि गाणी लिहिणारा लेफ एडलिंगही तोच. त्यामुळे लय कुठेही उपरी वाटत नाही. गळा खरखरीत झालाय, वरचे सूर पूर्वीइतके सहज लागत नाहीत, तरी शब्द फेकण्यातला नाटकी रुबाब शाबूत आहे. 'अ‍ॅस्टोरोलस – द ग्रेट ऑक्टोपस'मध्ये सोलो आयोमीचा आहे आणि त्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. खरं सांगायचं तर सोलोपेक्षा त्याच्याखाली चाललेला रिफ जास्त दमदार आहे. उत्तरार्धात 'डेथ्स व्हील' आणि 'ब्लॅक ट्रिनिटी' लागोपाठ आल्यानं थोडं पठार लागतं. मेटल ऐकलेलं आहे पण डूम नवीन आहे, चाल गुणगुणता यायला हवी, अशा माणसानं यापासून सुरुवात करावी.

स्लीप मात्र चाल शोधणाऱ्याच्या कामाचा नाही. आधी सहा गाण्यांची मापं बघा: तीन मिनिटांचा नुसता गोंगाट, मग साडेसहा, साडेबारा, चौदाच्या वर, दहा आणि परत साडेसहा. या बँडचा आधीचा अल्बम म्हणजे तासाभराचं एकच गाणं. रेकॉर्ड कंपनीनं ते नाकारलं, आणि पूर्ण रूपात ते २००३ मध्ये बाहेर आलं. 'द सायन्सेस' २० एप्रिल २०१८ ला जवळजवळ न सांगता प्रसिद्ध झाला. जुन्या क्रिस हाकियसच्या जागी इथे न्यूरोसिसचा जेसन रोडर आहे. हाकियसचे ड्रम लाटेसारखे येत-जात. रोडर प्रत्येक ठोका दगड ठेवावा तसा ठेवतो. अल सिस्नेरोसचा बास आणि मॅट पाइकची गिटार यांच्यात उरलेली सगळी हवा तो अडवतो. बदल लपत नाही, पण सॅबथमध्ये जसं काहीतरी गळालं तसं इथे गळालेलं नाही, वजन वाढलंय. 'अँटार्क्टिकन्स थॉड' पहिल्या चार मिनिटांत सोडून देऊ नका, ते तापायला वेळ घेतं. 'गिझा बटलर' हे नाव गीझर बटलरवरची कोटी आहे, आणि गाण्यातला बास ती कोटी पेलतो.

पेंटाग्राम या जुन्या डूम बँडचा २०२५ चा 'लाइटनिंग इन अ बॉटल' यादीत का नाही, असं कुणीतरी विचारेलच. गायक बॉबी लीबलिंग सोडून सगळी माणसं नवी आहेत (ड्रमवर परत तोच वास्केझ), त्यामुळे त्याला पुनरागमन म्हणण्यापेक्षा जुन्या पाटीखालचं नवं दुकान म्हणावं. माल बरा आहे.

आता ऐकण्याचं, कारण नागपुरात निवड इथेच उलटीसुलटी होऊ शकते. १९७१ पासून सॅबथनं गिटार सी शार्प या नेहमीपेक्षा खालच्या सुरापर्यंत उतरवली आणि डूमवाले त्याच वाटेनं गेले. सी शार्पला लावलेल्या गिटारची जाड तार मोकळी वाजली की ६९.३ हर्ट्झ, आणि बासची तार त्याच्या निम्म्यावर, ३४.६. आता खिडकीतला कूलर घ्या. मिनिटाला १४०० फेऱ्यांची मोटर आणि तीन पाती म्हणजे सेकंदाला सुमारे ७० वेळा पातं हवा कापतं. नेमकी तीच पट्टी! एप्रिल ते जून कूलर फुल्लवर ठेवून स्पीकरवर डूम ऐकणं म्हणजे तंबोऱ्याच्या सुरातच कुणीतरी चक्की चालवणं. बासचा खालचा भाग त्यात बुडतो आणि उरतो तो गिटारचा किरकिरा वरचा थर. मग लोक म्हणतात अल्बम पातळ आहे. कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन लावा, किंवा ऐकताना कूलर कमी वेगावर घ्या. स्पीकरचा आवाज वाढवून कूलरवर मात करायला जाऊ नका, आधी शेजारी येतील.

फोनच्या स्पीकरवर तर निर्णय घेऊच नका. २०० हर्ट्झच्या खालचं तो जवळपास वाजवतच नाही, आणि डूमचा पाया तिथेच असतो. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर बास वाढवायची मेहनतही फुकट; पडदा थरथरतो आणि सूर फाटतो. दहा बाय दहाची खोली असेल तर भिंतींमुळे ५६ हर्ट्झच्या आसपास सूर फुगतो, आणि चौरस खोलीत लांबी-रुंदी दोन्हींचा एकाच जागी. बासचा ए हा सूर ५५ हर्ट्झचा, म्हणून एखादाच सूर घुमतो आणि बाकीचे दबतात. स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट बाहेर ओढा आणि स्वतः खोलीच्या अगदी मधोमध बसू नका. चारही अल्बम ताडून बघताना ॲपमधलं आवाज सारखा करणारं सेटिंग चालू ठेवा, नाहीतर जो मोठ्यानं वाजतो तोच चांगला वाटेल. आणि क्रॉसफेड (एक गाणं विरतानाच दुसरं सुरू करणारं सेटिंग) शून्यावर ठेवा.

एलपी घ्यायची तर अल्बमची लांबी आधी पाहा. खालचे सूर खाचेला रुंदी मागतात, त्यामुळे बासनं भरलेल्या संगीतासाठी एका बाजूला १८ ते २० मिनिटांपुढे गेलं की आवाज हळू कापावा लागतो आणि खरखर वर येते. व्हायटसचा अल्बम बाजूला १७ मिनिटांत बसतो. एलपीसाठी चौघांत हाच सर्वांत सोयीचा. ५३ मिनिटांचे सॅबथ आणि स्लीप दोन तबकड्यांवर असले तरच घ्या, आणि ४९ मिनिटांच्या कँडलमाससाठीही पाकिटात तबकडी एक की दोन ते मागवण्याआधी वाचा. सूटकेससारख्या प्लेयरवर यातला एकही वाजवू नका. स्पीकर आणि सुई एकाच पेटीत असल्यानं बासची थरथर सुईत परत शिरते आणि हुंकार सुरू होतो. वेगळा टर्नटेबल असेल तर सुईचा भार काट्यावर मोजून घ्या. एटी-व्हीएम९५ई सारख्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) २ ग्रॅम. कमी ठेवला की सुई जड रिफवर उडते.

परदेशातून मागवायची असेल तर मार्च ते जून टाळा. सीमाशुल्क आणि टपालखर्च किंमत वाढवतोच, पण खरा धोका शेवटच्या टप्प्यावर असतो. बाहेर ४५ अंश असताना बंद डिलिव्हरी गाडीत तापमान ६० च्या वर जातं, आणि त्याच सुमाराला व्हिनाइल मऊ पडायला लागतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तबकड्या स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीशी ठेवू नयेत. उभ्या, घट्ट, खालच्या कप्प्यात. वाकलेली तबकडी दोन काचांमध्ये दाबून उन्हात सरळ करायचा सल्ला सर्रास दिला जातो. मे महिन्यात गच्चीवर हा प्रयोग केला तर तबकडी सपाट होईल खरी, पण खाचाही सपाट होतील, आणि मग वॉर्ड काय नि विल्क काय, दोघंही सारखेच ऐकू येतील.