स्प्रिंग ब्रेकर्स की द ब्लिंग रिंग?

दोन्ही पिक्चरमध्ये पोरी, चोऱ्या आणि सेलिब्रिटींचं वेड, दोन्ही अमेरिकेत २०१३ ला ए२४ या एकाच फिल्म कंपनीने रिलीज केले, म्हणून एक बघितला की दुसरा सोडला तरी चालेल असं बरेच जण म्हणतात, मला हे अजिबात पटत नाही.

हार्मनी कोरीनच्या स्प्रिंग ब्रेकर्समध्ये चार कॉलेजच्या पोरींना सुट्टीत फ्लोरिडाला जायचंय, पैसे कमी पडतात मग तिघी मिळून एक हॉटेल लुटतात. हा सीन तर बघाच! दोघी पाण्याचं पिस्तूल आणि हातोडा घेऊन आत, तिसरी गाडी चालवतेय, कॅमेरा तिच्यासोबत गाडीतच, गाडी हॉटेलला वळसा घालते आणि खिडक्यांतून आतला राडा तुकड्या-तुकड्याने दिसतो. नंतर तीच लूट आतून दाखवलीये, तेव्हा मात्र पोटात गोळा येतो.

सोफिया कोपोलाच्या ब्लिंग रिंगमध्येपण असाच लांबून घेतलेला शॉट आहे, डोंगरावरचं काचेचं घर आणि आत या खोलीतून त्या खोलीत फिरणारे चोर, भारीच आहे तो. स्टोरी काही पोरापोरींनी सेलिब्रिटींच्या घरांत केलेल्या खऱ्या चोऱ्यांवरची, पॅरिस हिल्टनच्या घरातलं शूटिंगही तिच्याच खऱ्या घरात केलंय. पण बाकी पिक्चर एकाच सुरात चालतो, त्या पोरांच्या मनात काय चाललंय ते शेवटपर्यंत हाताला लागत नाही.

सरळ गोष्ट हवी असेल तर ब्लिंग रिंग लावा. माझं मत स्प्रिंग ब्रेकर्सलाच, कॅमेरामन बेन्वा देबीचे ते निऑन रंग आणि मंत्रासारखे परत परत येणारे डायलॉग डोक्यातून जातच नाहीत. फक्त घरच्यांसोबत लावू नका, नग्नता आणि ड्रग्ज भरपूर आहेत.