वृक्षतोडीचे दोन कायदे : ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया

खासगी वनांतील तोडीसाठी ओरेगॉनने १९७१ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९७३ मध्ये कायदा केला. ही अमेरिकी राज्ये शेजारी असली तरी त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. ओरेगॉनमध्ये वनखात्याला आगाऊ सूचना द्यायची, साधारणपणे १५ दिवस थांबायचे आणि नियमांनुसार कामाला लागायचे. कॅलिफोर्नियात मात्र नोंदणीकृत वनतज्ज्ञाने केलेल्या तोडणी आराखड्यावर जनतेची मते मागवली जातात आणि सहसा मंजुरीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. सरसकट तोडीची मर्यादा ओरेगॉनमध्ये १२० एकर, तर कॅलिफोर्नियात सर्वसाधारणपणे २० ते ३० एकर आहे.

करआकारणीतला फरक मला अधिक बोलका वाटतो. ओरेगॉन तोडलेल्या लाकडावर उत्पादकाकडून कर घेतो. कॅलिफोर्निया २०१३ पासून चिरीव लाकडाच्या किरकोळ विक्रीवर ग्राहकाकडून १ टक्का आकारतो, त्यामुळे परराज्यातून आलेली फळीही सुटत नाही आणि आराखडे तपासण्याच्या खर्चाचा बोजा केवळ स्थानिक उत्पादकांवर पडत नाही. छोट्या वनमालकाला आराखडा परवडणे कठीण जाते, हे खरेच. त्याला ओरेगॉनची पद्धत सोयीची वाटेल. मात्र ओढ्याकाठच्या झाडांबाबत ओरेगॉनलाही २०२२ मध्ये कायदा अधिक कडक करावा लागला.