पहिलं धनुष्य घेताय? सॅमिक सेज आणि भोंगऱ्या बाजारातला कामठा (बांबूचं धनुष्य), दोन्ही वापरून सांगतो

मी चोपड्याकडचा, केळीवाला. दीड वर्ष झालं साधं धनुष्य चालवतोय, साधं म्हणजे नेम धरायची साइट नाही, ओढ हलकी करणारी पुली नाही, नुसता डोळा आणि तीन बोटं. दोन-तीन पोरांनी विचारलं की भाऊ पहिलं कोणतं घेऊ, म्हणून एकदाचं सगळं इथंच लिहितो.

माझं पहिलं सॅमिक सेज. 62 इंची टेकडाउन रिकर्व्ह आहे, म्हणजे सुटं करता येणारं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य, मधे लाकडी रायझर म्हणजे मुठीचा भाग आणि वर-खाली बोल्टने बसणारे दोन लिम्ब म्हणजे वाकणाऱ्या पात्या. लिम्ब 25 पौंडांपासून (पौंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर) 60 पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने येतात, म्हणजे रायझर एकदाच घ्यायचा आणि हात तयार होईल तसे लिम्ब बदलायचे. नवीन माणसासाठी याच्यासारखी सोय नाही, पैसे वसूल.

पण मी घेताना चुकलो आणि ती चूक तुम्ही करू नका म्हणूनच एवढं लिहितोय. अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ बघून बघून डोक्यात बसलं होतं की 45 पौंडच पाहिजे. तिकडे हरणासाठी बऱ्याच राज्यांत ओढीचं कमीत कमी वजन कायद्यानेच ठरवलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी 35-40 च्या आसपास, म्हणून ते लोक तसं बोलतात, आणि त्यांच्यातलेही जाणते लोक नवीन माणसाला आधी हलकंच घ्यायला सांगतात, ते मी ऐकलंच नाही. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतलं तिथल्या माणसाने फोनवर उंची विचारली, तब्येत विचारली आणि म्हणाला 25 तर लहान पोरांचं असतं, तुम्ही 45 घ्या. मला पटलं, युरियाची 45 किलोची गोणी मी खांद्यावर टाकून बांध ओलांडतो, 45 पौंड म्हणजे जेमतेम 20 किलो, त्यात काय!

तर गोणी खांद्यावर बसते आणि धनुष्य पाठीच्या स्नायूंनी ओढून तीन बोटांवर धरून ठेवायचं असतं. दहाव्या बाणाला बोटं थरथरायला लागायची, हात हनुवटीपर्यंत पोचायच्या आधीच बाण सुटून जायचा. महिनाभरात ती सवयच लागली, ती मोडायला मला पुढे चार महिने लागले. रात्री उजव्या कुशीवर झोपता यायचं नाही ते वेगळंच.

वरून त्याच दुकानाने 340 स्पाइनचे कार्बन बाण दिले. स्पाइन म्हणजे बाण किती लवतो त्याचा आकडा. हा आकडा जितका लहान तितका बाण कडक, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा फार कडक बाण डावीकडे पडतो. माझे सगळे डावीकडे, आणि मी मात्र स्वतःची नजर दुरुस्त करत बसलो.

शेवटी 25 चे लिम्ब आणि मऊ बाण मागवले. पहिल्याच संध्याकाळी वीस पावलांवरून सहापैकी चार बाण केळीच्या खोडात एका वीतभर जागेत बसले, खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं. घड कापल्यावर उभं राहिलेलं खोड सरावाला मस्त आहे, बाण रुततो पण वाकत नाही, फक्त काढल्यावर लगेच ओल्या फडक्याने पुसा, केळीचा चीक वाळला की निघत नाही आणि शर्टावर पडला तर शर्ट गेलाच समजा.

घेण्याआधी दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचात मोजा आणि 2.5 ने भागा, ती तुमची ओढ, म्हणजे दोरी किती मागे येते ते. माझं 71 आलं, म्हणजे 28 च्या जरा वर. लिम्बवर लिहिलेले पौंड 28 इंचाच्या ओढीचे असतात, तुमची कमी असेल तर इंचामागे दोन-अडीच पौंड कमी धरा. दोरी चढवायला स्ट्रिंगर, म्हणजे त्यासाठीची वेगळी दोरी, घ्याच, पायात अडकवून चढवली की लिम्ब पिळतो. बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही, कोणी गंमत म्हणून हातात मागितलं तरी आधी हे सांगायचं. आणि आपल्याकडचा मे महिना माहितीच आहे, पारा 45 वर, धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. माझ्या मित्राच्या लिम्बचे थर असेच उकलले.

आता कामठा. होळीच्या आधी सातपुड्यातल्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात एका पावरा समाजाच्या काकांकडून घेतला. मानवेल बांबूचा, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची पट्टी! काकांनी आधी स्वतः ओढून दाखवला, अंगठा कुठेच लावला नाही, मग माझ्या हातात दिला आणि धनुष्याकडे न बघता माझ्या कोपराकडे बघत राहिले. मी तिथलाच जाड कामठा उचलला तर त्यांनी तो काढून घेतला, म्हणाले, "हा नको, हलका ने. जड पुढच्या होळीला." विकणारा माणूस स्वतःहून कमी पैशाचं देतोय. याला बाण ठेवायला जागा नसते, बाण मुठीवरच ठेवायचा, पिसाने सुरुवातीला माझं बोट सोललं. काम झालं की दोरी उतरवून ठेवायची, नाहीतर बांबू वाकलेला राहतो आणि जोर जातो. नेम सेजइतका पक्का लागत नाही, पण हातात घेतला की सोडवत नाही.

शिकारीचं विचारणाऱ्यांना स्पष्ट सांगतो, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, ससा-रानडुक्करसुद्धा त्यात आलं. पीक खाल्लं तर वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करा, बाण खोडावर नाहीतर चिंध्या भरलेल्या पोत्यावरच चालवा.

सेजला माझे पाचपैकी साडेचार, दुकानाला एक, काकांना पाच. 30 चे लिम्ब दिवाळीनंतर घेणार आहे आणि होळीला काकांकडे जाणार, बघू जाड वाला देतात का.