आधी सी की आधी पायथन?

भुसावळ-जळगाव अप-डाऊन करत बीसीए, बीएस्सी किंवा डिप्लोमाचं पहिलं वर्ष काढणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न: सी आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या दोन भाषांपैकी आधी कोणती शिकायची. सिलॅबसमध्ये जे आहे ते करावंच लागतं. इथे विचार फक्त तुमच्या हातातल्या पहिल्या दोन-तीन महिन्यांचा. व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप दोन्हींत सारखंच कळतं, ते सोडून देऊ.

सुरुवात पायथनची सोपी, यात वाद नाही. लॅपटॉप नसला तर फोनवर पायड्रॉइड हे ॲप टाकून भागतं. सीसुद्धा फोनवर चालते, पण टर्मक्स या ॲपमध्ये क्लँग हा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) बसवायची खटपट आली. शिवाय पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव चक्क देवनागरीत देता येतं. कोडमधले अंक तेवढे इंग्रजी लागतात.

सीला लोक कंटाळतात ते बऱ्याचदा सीमुळे नाही, टर्बो सी या जुन्या कंपायलरमुळे. १९८७ साली आलेल्या त्या घराण्यात इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) दोन बाइटचा, म्हणजे कमाल ३२७६७. रावेरच्या केळीचा हिशोब करा: ३० क्विंटल, दर १५००. यायला हवेत ४५०००, पडद्यावर येतात उणे २०५३६. उत्तर लाँग या मोठ्या प्रकारात साठवलं तरी तेच, कारण गुणाकार आधी इंटमध्येच उरकतो. दर किंवा वजन यांपैकी एक तरी लाँग हवा. जीसीसी या हल्लीच्या कंपायलरमध्ये इंट चार बाइटचा असतो, तिथे १२ चा फॅक्टोरियल बरोबर येतो आणि १३ चा चुकतो. पायथनला ही मर्यादाच नाही. तेव्हा सी करायची तर जीसीसीवर. विंडोजवर कोडब्लॉक्स या एडिटरचा मिनजीडब्ल्यूसह (विंडोजवरच्या जीसीसीसह) येणारा इन्स्टॉलर घेतला की झालं.

सीत कीबोर्डवरून इनपुट घेणाऱ्या स्कॅनएफची डोकेदुखी मात्र खरी. ॲम्परसँड (&) विसरला की प्रोग्राम कोसळतो. टक्का-डीने (%d) आकडा घेऊन लगेच टक्का-सीने (%c) अक्षर घ्यायला जा, तर ते न विचारताच पुढे सरकतं, कारण मागच्या एंटरचं चिन्ह बफरमध्ये (इनपुटच्या तात्पुरत्या जागेत) पडून असतं. टक्का-सीच्या आधी एक स्पेस द्या, सुटतं. ॲरेच्या (ओळीने मांडलेल्या घरांच्या) हद्दीबाहेर वाचलं तरी सी बहुधा गप्प राहते आणि कचरा छापते. पायथन तिथे सरळ इंडेक्स एरर देतं. हा गुण पायथनचाच.

एवढं असून माझं माप सीकडे झुकतं, ते एका ओळीमुळे. मॅट्रिक्सची बेरीज हे पहिल्या वर्षाचं हमखास प्रॅक्टिकल. पायथनमध्ये नवखा लिहितो:

बेरीज = [[0]*3]*3

छापून पाहिलं तर तीन ओळी, नऊ शून्यं, सगळं ठीक. मग १ ते ९ च्या मॅट्रिक्समध्ये सगळे एक असलेला मॅट्रिक्स मिळवला की तिन्ही ओळी ८ ९ १०! लूप तपासा, इंडेक्स तपासा, चूक सापडत नाही; एररही नाही. कारण आतली यादी (लिस्ट) एकच बनली आहे आणि तिच्याकडे बोट तीनदा दाखवलं आहे, त्यामुळे शेवटच्या ओळीने आधीच्या दोन पुसल्या. उपाय एका ओळीचा आहे, आतली यादी फॉर वापरून प्रत्येक वेळी नवी बनवायची. पण तो का लागतो हे समजायला 'पत्ता' (मेमरीतली जागा) ही कल्पना लागते, आणि पायथन नेमकी तीच झाकून ठेवतं. माझ्या पाहण्यात मुलं सगळ्यात जास्त वेळ इथे अडकतात.

सीमध्ये तीन बाय तीनचा इंट ॲरे म्हणजे ओळीने मांडलेली नऊ घरं, जीसीसीत ३६ बाइट. टक्का-पीने (%p) पत्ते छापा: शेजारच्या घरात ४ चं अंतर, ओळीओळीत १२ चं. ते सोळाच्या पायात (हेक्साडेसिमलमध्ये) छापले जातात, म्हणून १२ च्या जागी c हे अक्षर दिसेल, घाबरू नका.

ज्याला डेटा किंवा आकडेवारीचंच काम करायचं आहे त्याने थेट पायथन धरलं तर कदाचित काही बिघडणार नाही. बाकीच्यांनी पॉइंटर (पत्ता साठवणारं व्हेरिएबल) आणि फंक्शनला ॲरे देणं इथपर्यंत सी करावी, आणि मग पायथन उघडून वरची ओळ मुद्दाम चुकीची लिहावी. तिन्ही ओळींचा आयडी (id, म्हणजे ओळखीचा आकडा) छापला की एकच आकडा तीनदा येतो.