पुळ्याजवळचं घरगुती निवास: आजारी लेकीला घेऊन दोन रात्री

घराचं नाव लिहीत नाही. काकूंनीच बजावलंय, "लिवा, पन नाव नको. मंग मान्सं आमच्याकडंच नवस बोलायला येतील." मालगुंडहून गणपतीपुळ्याला येताना आत वळलं की लागतं. चिऱ्याचं कौलारू घर, अंगणात फणस, तीन खोल्या. खोलीचे 1400 रुपये, जेवण वेगळं. टेम्पो लावायला ऐसपैस जागा (मी लांज्याहून टेम्पोनेच गेलो होतो, आंब्याच्या पेट्या वाहतो त्याच).

आमची बाय नऊ वर्षांची. रक्ताचा कॅन्सर, एएलएल. मुंबईतले आठ महिने कसेबसे काढले, आता रोज रात्री गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट (हेही केमोचंच औषध), असं अजून दीड वर्ष. पुळ्याला जायचं तिच्याच डोक्यातून निघालं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या पोराने तिला सांगितलं होतं की तिथे अख्खा डोंगरच देव आहे. तेव्हापासून एकच धोशा, मला डोंगर बघायचाय.

माझं मन नव्हतं, आणि कारण सांगायला लाज वाटते. मधे एका माणसाने झाडपाल्याची पूड दिली होती. "हॉस्पिटलच्या गोळ्यांनी पोर खंगते, हे द्या." बारा दिवस दिली, डॉक्टरांना न सांगता. पुढच्या तपासणीत लिव्हरचे आकडे वर गेले आणि केमोच्या गोळ्या दोन आठवडे थांबवाव्या लागल्या. बायको माझ्याशी बोलत नव्हती, ते बरोबरच होतं. तेव्हापासून देवळाजवळ कुणी "बरं होईल" म्हटलं की मी आधी खिसा चाचपतो.

इथे कुणी तसं म्हणालं नाही.

फोनवर मी अटी सांगितल्या होत्या. पाणी उकळून गार केलेलं, कोशिंबीर नको, ओल्या नारळाची चटणी नको, शिळं काही नको, फळ सोलूनच. पांढऱ्या पेशी कमी असल्या की साधा जंतूही भारी पडतो. काकूंनी दोनदा विचारून घेतलं. पोचलो तर तिच्यासाठी वेगळी कळशी, झाकण, ओगराळं, आणि कळशीला लाल दोरा बांधलेला, कुणी चुकून हात घालू नये म्हणून. मऊभात-मेतकूट, कुळथाचं पिठलं, तव्यावरून थेट ताटात भाकरी. बायला सोलकढी हवी होती. नारळाचं कच्चं दूध चालणार नाही म्हटल्यावर रडायला लागली. काकूंनी आमसुलं उकळून, वर जिऱ्याची फोडणी घालून फुटी कढी दिली, गरम. ती दोन वाट्या प्यायली. स्टिरॉइड संपल्यापासून तिने स्वतःहून दुसऱ्यांदा मागितलेली ही पहिली गोष्ट. माझी सुरमईही झकास होती, पण ते असो.

देवळात पहाटे गेलो, गर्दीच्या आधी. प्रदक्षिणा डोंगराभोवती, साधारण एक किलोमीटर. अर्धी ती चालली, अर्धी माझ्या खांद्यावर. वाटेत विचारते, "डोंगर देव आहे तर त्याला काय दुखलं तर कोण बघतं?" मी म्हटलं, बघू. दुपारी मालगुंडला केशवसुतांचं घर बघितलं. तिथेही पहिला प्रश्न, हे कशाने गेले? प्लेगने, 1905 साली, चाळिशीही गाठली नव्हती. "औषध नव्हतं?" तेव्हा नव्हतं. "माझ्यावर आहे ना?" आहे म्हटलं. मग ती कैरीच्या गोळ्या मागायला लागली.

त्या रात्री अकराला तिचं अंग कोमट लागलं. 99.8. आम्हाला सांगून ठेवलंय, 100.4 झालं की घरगुती उपाय नाहीत, सरळ हॉस्पिटल. काकांना उठवलं. ते काही बोलले नाहीत, गाडी काढून रस्त्याकडे तोंड करून लावली आणि चावी हातात घेऊन ओटीवर बसले. रत्नागिरी तिथून पंचवीसेक किलोमीटर, आरे-वारेचा रस्ता. दर अर्ध्या तासाने थर्मामीटर. चारला 98.6 आलं तेव्हा काका झोपायला गेले. याचे पैसे द्यायला गेलो तर माझ्यावरच चिडले.

सकाळी काकांच्या वडिलांनी घरच्या देवापुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालतो म्हणाले. मी सावध झालो. पण त्यांनी आम्हाला विचारलंच नाही, बायला विचारलं, "काय सांगू देवाला?" मला वाटलं ती म्हणेल, बरी कर. ती म्हणाली, सुई टोचताना डाव्या हाताची शीर लगेच सापडू दे, उजव्याने चित्र काढते. आजोबांनी शब्द न बदलता सांगितलं, "बा देवा म्हाराजा, लांज्याचं ह्ये लेकरू तुज्या दारात आलंय, ह्येच्या डाव्या हाताची शीर पयल्याच टोचणीत गावूं दे रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

आता तक्रारी. अंगणात उतरायला नऊ पायऱ्या, कठडा नाही, चिरा ओला झाला की सटकतो. कमोड एकाच खोलीत आहे, आधी सांगून तीच घ्या. डास भरपूर, मच्छरदाणी आपली न्या. फोनला रेंज फक्त फणसाखाली, तीही रुसते. आजारी मूल घेऊन जाणाऱ्याने हे धरून चालावं.

परवा रक्त तपासायला नेलं. डाव्या हाताला दोनदा टोचलं, शीर नाही. शेवटी उजव्याला मिळाली. बाय रडली नाही, परतताना टेम्पोत म्हणाली, "आजोबांना फोन लाव, उजव्याचं पण सांगायला सांग." कालपासून लावतोय. लागत नाहीये.