दोन रॅकची सर्व्हर रूम: वायरिंग झकास, आरसीसीबीत घोळ

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची सर्व्हर रूम, दोन रॅकची. काम सोलापुरातल्याच ठेकेदाराचं. डीबी, म्हणजे सगळ्या स्विचांची पेटी, उघडली की बरं वाटतं: प्रत्येक वायरला नंबरची फेरूल (टोकाची नळी), लग (वायरच्या टोकाचे धातूचे तुकडे) नीट दाबून बसवलेले, दाराच्या आतल्या बाजूला सर्किटची यादी चिकटवलेली. एवढी टापटीप सहसा दिसत नाही.

यूपीएस 6 केव्हीएचा, ऑनलाइन, सिंगल फेज. इनपुटला 10 चौरस मिमीची तांब्याची केबल आणि 40 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). हिशेब बरोबर आहे. 5.4 किलोवॅट आउटपुट, वर बॅटरी चार्जिंगचे सुमारे 900 वॅट आणि यूपीएसचा स्वतःचा तोटा धरला, तर 230 व्होल्टला 30 अँपिअरच्या आसपास जातात. शेजारचे यंत्रमाग सुरू होऊन व्होल्टेज 190 ला उतरलं की तेच 36 होतात. पैसे वाचवायला 32 चा एमसीबी टाकणारे इथेच फसतात.

घोळ आहे तो आउटपुटला. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, रॅकमध्ये ए आणि बी अशा दोन पीडीयू पट्ट्या (सॉकेटच्या पट्ट्या), रंगही वेगळे, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर सर्व्हर चालावा. पण वायर मागे मागे शोधत गेलं की दोन्ही पट्ट्या एकाच 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे अर्थला करंट गळला की पडणाऱ्या स्विचवर, येतात! एकूण 12 पॉवर सप्लाय. त्यांच्या फिल्टरमधून प्रत्येकी दीड मिलीअँपिअर जरी अर्थला गळले, तरी बेरीज 18. असा आरसीसीबी 15 च्या खाली पडू नये आणि 30 ला पडलाच पाहिजे. मधे तो कधीही पडू शकतो. म्हणजे काही बिघाड नसताना, लाइट असताना, दोन्ही पट्ट्या एकदम बंद. 100 मिलीअँपिअरचा बसवून मोकळं होणं हा इलाज नव्हे. सॉकेटवर हात लावणाऱ्या माणसाचं संरक्षणच जातं. प्रत्येक पट्टीला वेगळा 30 चा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) द्यायचा, गळती 9-9 मध्ये वाटली जाते. खर्च किरकोळ.

बॅटऱ्या 12 व्होल्ट 42 एएचच्या 16, म्हणजे 192 व्होल्ट डीसी. त्यांना डीसीचाच एमसीबी लावलाय, शाबास. एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवेलच असं नाही. बॅटऱ्यांची जागा मात्र चुकली: एसी खोलीबाहेरचा पॅसेज, पश्चिमेची भिंत. या बॅटऱ्यांचं आयुष्य 25 अंशाला मोजतात आणि दर 10 अंशांना ते साधारण निम्मं होतं. सोलापूरचा मे महिना वेगळा सांगायला नको.

अर्थिंगचे दोन खड्डे, एकमेकांना आणि इमारतीच्या मुख्य अर्थला पट्टीने जोडलेले. ‘कॉम्प्युटरची अर्थ वेगळी ठेवा’ हा हट्ट ठेकेदाराने ऐकला नाही, बरं केलं. रिपोर्टमध्ये 1.8 ओहम लिहिलंय, पण मोजणी सप्टेंबरची, काळी माती ओली असतानाची. भेगा पडल्यावर, मेमध्ये पुन्हा मोजून घ्या.

आग विझवायला सीओटूचा सिलिंडर दिलाय, पावडरचा नाही, हे योग्यच. एसी मात्र लाइट आल्यावर आपोआप सुरू होत नाही.

दर वाजवी, हात स्वच्छ. काम द्यायला हरकत नाही. फक्त शेवटचं बिल देण्याआधी सगळे सर्व्हर चालू ठेवून आधी ए पट्टी पाडा, मग ती चढवून बी पाडा. एकही सर्व्हर बंद पडला, तर पैसे थांबवा.