हरिश्चंद्रगडावर मुक्काम: गुहा की झोपडी?

हरिश्चंद्रगडावर रात्र काढायची म्हटलं की आमच्यात आजही दोन तट पडतात: देवळाच्या परिसरातली गुहा, की पायथ्याच्या पाचनई गावातल्या लोकांनी गडावर थाटलेली झोपडी. तंबूवाले तिसरे. पण कोकणकड्यावरच्या, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या त्या उभ्या कड्यावरच्या वाऱ्यात रात्रभर फडफडणारं कापड मी एकदा ऐकलंय, तेवढं पुरे.

गुहेत मी चारदा राहिलोय, झोपडीत तीनदा. गुहेला नावं ठेवणं जिवावर येतं. गणेश गुहेतला तो थोरला गणपती, बॅटरी विझवल्यावरचा मिट्ट काळोख, आणि पहाटे गर्दी व्हायच्या आत केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती साचलेलं ते गारठलेलं पाणी, चारांपैकी एकाच अखंड उरलेल्या खांबासकट. अंथरूण-शिधा पाठीवर वाहावा लागतो, पण ट्रेकला येऊन त्याची काय तक्रार करायची? उंदीर आहेत. सॅक टांगायला दोरी न्या, मिटलं.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. गुहेला दार नसतं.

डिसेंबरातला शनिवार. साडेनऊला आडवे झालो. अकराला पायथ्याच्या खिरेश्वर गावाकडून एक टोळी आली, टॉर्च थेट डोळ्यांवर. "दादा, जागा आहे का?" सरकलो. साडेबाराला दुसरी. "काका, जरा सरकता का?" (दीड तासात दादाचा काका झालो, तेही लागलं असेल मनाला.) दोनला नळीच्या वाटेने, म्हणजे कोकणातून येणाऱ्या त्या अवघड घळीतून चढून आलेले चौघे, इतके दमलेले, की त्यांच्यावर चिडताही येईना. दगडात पाच जणांची कुजबुजसुद्धा पन्नासांची वाटते. साडेतीनला कुणीतरी मॅगी करायला घेतली.

झोपडीत काय, तर कारवीचा कूड, वर ताडपत्री, खाली सारवलेली जमीन. चुलीचा धूर डोळ्यांत जातो आणि कपड्यांचा वास दोन धुण्यांत निघत नाही. पैसे मोजावे लागतात, चांदणं दिसत नाही. पण तिला ताटी आहे. आणि बाहेरून कुणी हाक मारलीच, तर उत्तर झोपडीवाल्या मावशी देतात: "भरलंय बाबा, पल्याड बघ." मी कूस बदलतो. पिठलं-भाकरी आणि ठेचा हे वर.

शिवाय कड्याजवळची झोपडी घेतली, तर सकाळी देवळापासूनची अर्ध्या तासाची चाल वाचते. ऊन पाठीशी आणि दरीत धुकं, असा योग तिथे सकाळीच जुळतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, पाहिलं म्हणतात. मला अजून दिसलेलं नाही. पण झोप झालेल्या डोळ्यांनी वाट बघणं बरं.

ज्यांची झोप गाढ आहे त्यांना माझं म्हणणं कदाचित पटणार नाही. आडवारी, दोघं-तिघंच जात असाल, तर मीही गुहाच म्हणेन. फक्त मुक्कामाचे नियम बदलत असतात, पाचनईच्या नाक्यावर पावती फाडतानाच विचारून घ्या. शनिवारी जाणार असाल, तर मात्र उजेड असतानाच झोपडी गाठा आणि भाकऱ्या किती लागतील ते तेव्हाच सांगून ठेवा. पीठ खालून डोक्यावर चढवावं लागतं.